वरणाच्या दिवसाचं जेल

मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा माझी मुलगी पहिलीत जात होती. म्हणजे घरात बाप आणि लेक, दोघांच्या पाठीवर दप्तर. मी एका खाजगी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि नोकरी टिकवायची तर डॉक्टरेट हवी, असं वारं वाहू लागलं होतं. सकाळी माझे तास, दुपारी विद्यापीठातली प्रयोगशाळा, संध्याकाळी भाजी घेऊन इंदूरच्या सुदामा नगरात परत. बायको बँकेत होती, त्यामुळे स्वयंपाकघर आईच्या ताब्यात होतं. त्या वर्षांत मी कधी निवांत बसल्याचं मला आठवत नाही, आणि तरी आज मागे पाहिलं की तेच दिवस निवांत वाटतात. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

प्रयोगशाळा जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. दार उघडलं की ॲगरोज उकळल्याचा ओलसर वास येई. ॲगरोज म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली पांढरी पूड, आपल्या चायना ग्रासची सख्खी बहीण. ती उकळून साच्यात ओतायची, एका टोकाला कंगवा अडकवायचा. थिजून काचेसारखी वडी झाली की कंगवा अलगद काढायचा. दातांच्या जागी बारीक खाचा राहतात. या वडीला जेल म्हणतात. ती द्रावणाने भरलेल्या पेटीत बुडवायची, खाचांत डीएनएचे थेंब सोडायचे आणि वीज सुरू करायची. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो काळ्या वायरीकडून लाल वायरीकडे सरकत जातो, वडीच्या जाळीतून वाट काढत. शेवटी वडी रंगवून अतिनील दिव्यावर ठेवली की डीएनए जिथपर्यंत पोचला तिथे नारिंगी पट्टी चमकते. आई शेजारणींना सांगायची, "आमचा रोज दुपारी जेलमध्ये असतो," आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायची.

आमचा प्रश्न साधा होता. या धावणाऱ्या डीएनएला एखादा छोटा रेणू धरून बसतो का? बसला तर डीएनएचा वेग कमी होतो आणि त्याची पट्टी मागे राहते. नाही बसला तर ती शेजारच्या नुसत्या डीएनएच्या पट्टीशी एका रेषेत येते. मी विद्यार्थ्यांना अजून वरातीचं उदाहरण देतो: नवरदेवाच्या गळ्यात जितके मित्र पडतील तितका तो मांडवात उशिरा पोचतो. कर्करोगावरची काही औषधं डीएनएला अशीच धरून काम करतात. म्हणून ठिकठिकाणी लोक नवे रेणू बनवतात आणि पट्टी मागे राहते का, ते डोळे ताणून पाहतात.

जेल चालवणं माझ्याकडे होतं. रेणू मात्र तिचा होता, सरांकडे माझ्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा.

ती खानदेशातून इंदूरला आली होती, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, आणि आमच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. मला दादा म्हणे, आईला काकू. आमच्या इंदुरी मराठीची तिला भारी मौज वाटायची. आई म्हणाली, "अगं, फालतूमध्ये एवढी चिंता नको ना करू," की ती ते वाक्य दिवसभर प्रयोगशाळेत सगळ्यांना ऐकवत फिरे. आईही सोडत नसे. "तू सहा महिने थांब, मग तू पण अशीच बोलशील," म्हणायची, आणि खरंच, वर्षभरात ती भाजीवाल्याशी बोलल्यासारखं हिंदी मिसळून आमच्याशी बोलायला लागली, "मतलब काय दादा, आज जेल लावायचंच नाही?"

तिची अडचण मी स्पष्ट सांगतो. आमचे मार्गदर्शक, म्हणजे सर, जूनअखेर निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांच्या सहीने तिचा प्रबंध जमा झाला नाही, तर नियमाप्रमाणे तिला दुसरा मार्गदर्शक घ्यावा लागणार होता; म्हणजे विषय नव्याने मांडायचा, समितीसमोर नव्याने उभं राहायचं. शिष्यवृत्ती संपली होती. वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं की जूनपर्यंत वाट पाहू, नंतर घरी ये, पदवी मिळो की न मिळो. शेवटचं प्रकरण सोडून बाकी प्रबंध लिहून तयार होता. शेवटच्या प्रकरणासाठी एकच गोष्ट हवी होती: तिचा रेणू डीएनएला धरतो याचं चित्र, आणि ते तीन वेळा एकसारखं आलेलं.

एकदा चित्र यायचं, झकास यायचं. पट्टी अशी मागे राहायची की चष्म्याशिवाय दिसावं. दुसऱ्या खेपेला तोच रेणू, तोच डीएनए, तीच माझी बोटं, आणि सगळ्या पट्ट्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या एका ओळीत. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणारा माणूस आहे. डीएनए नवा मागवला. पिपेट तपासून घेतली. तिने रेणू पुन्हा बनवला, पुन्हा शुद्ध केला. एप्रिलच्या उन्हाने फरक पडत असेल म्हणून पेटीखाली बर्फ ठेवून पाहिला. काही केल्या नेम लागेना.

सर जुन्या इंदुरी मराठी घराण्यातले. शुद्ध बोलत, हळू बोलत, आणि टोमणा मारायचा असला तर आणखी हळू. रोज दुपारी दारात उभे राहून विचारत, "काय मॅडम, आज जेवला का तुमचा रेणू? की उपास?"

"उपास, सर."

"एकाआड एक दिवस उपास करणारा रेणू मी पहिल्यांदाच पाहतो आहे. समजूत काढा त्याची. मला जूननंतर या दारात उभं राहता येणार नाही."

हसत बोलत, पण या रेणूत त्यांचाही जीव अडकला होता. उभी हयात त्यांनी असे रेणू घडवले आणि विद्यार्थ्यांकडून घडवून घेतले होते. त्यांपैकी एकही डीएनएला धरून बसला नव्हता. हा पहिलाच, आणि तोही असा लहरी.

दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्र खात असू. दोन्ही डबे आई भरायची, एकाच पिशवीतून ते माझ्या स्कूटरला लटकून यायचे. एका दुपारी भात कालवता कालवता ती म्हणाली, "दादा, एक सांगू? हसू नका. डब्यात तुरीचं वरण असलं ना, की पट्टी मागे राहते."

"आणि पिठलं असलं तर?"

"पिठल्याला नाही."

"मुगाची डाळ?"

"मुगाला पण नाही. मी आठवून पाहिलं. मागच्या सोमवारी पिठलं होतं, जेल फुकट गेलं. मंगळवारी वरण होतं, चित्र आलं."

"बाई, हे रसायनशास्त्र आहे. पत्रिका नाही."

"मी कुठे पत्रिका म्हणते? मी म्हणते, काकूंना सांगून बघू."

मी सांगितलं नाही. तिनेच त्या संध्याकाळी ओट्याशी उभं राहून आईला सांगितलं. आईला आनंद झाला. "मतलब माझ्या वरणाने तुमचं मशीन चालतं? अरे वा! मग रोज करते ना, त्यात काय मोठी गोष्ट!" बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, हीच का तुमची पीएच.डी.? मी डबे घासायला घेतले.

पण ठरलं. जेल लावायचं त्या दिवशी डब्यात वरण. पहिल्या दिवशी वरण आलं, पट्टी मागे राहिली. ती इतकी खूश झाली की सरांना सांगायला निघाली होती, मी अडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण, पुन्हा जेल. दिवा लावला, तर सगळ्या पट्ट्या एका ओळीत. तिने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि ती माझ्याआधीच स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

घरी आईने चहा पुढे केला आणि विचारलं, "मग? आज काय म्हणतं मशीन?"

"नाही झालं, काकू."

"नाही? वरण तर दिलं होतं." आईचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "खाल्लं नाही का नीट?"

"खाल्लं ना. छान होतं."

"छान कसलं! दोन वेळा कुकर लावला तरी दाणा तसाच. आज नर्मदा नव्हती ना. बोरिंगच्या पाण्यात तुरीची डाळ गळते का कधी? शेवटी चिमूटभर सोडा टाकला, तेव्हा कुठे झाली. म्हणून तर बोरिंगच्या दिवशी मी वरण करतच नाही. तुमच्यासाठी केलं आज, जबरदस्ती."

आमच्याकडे नळाचं पाणी एक दिवसाआड येतं. ते नर्मदेचं असतं, म्हणून आम्ही 'नर्मदा आली' म्हणतो. मधल्या दिवशी बोरिंग. इंदुरात ही गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही, कारण सगळ्यांच्या घरी तेच असतं. बोरिंगचं पाणी जड असतं, बादलीवर पांढरा थर बसवतं, हेही सगळ्यांना माहीत असतं.

तिने कप खाली ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ती जे विचारणार तेच माझ्याही तोंडाशी आलं आहे.

"दादा, आपण पेटीला पाणी कुठलं घालतो?"

पेटीला आम्ही नळाचं पाणी घालत होतो. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्याचं एक छोटं यंत्र होतं. त्यातून थेंब थेंब पाणी पडे आणि ते आम्ही साजूक तुपासारखं वापरत असू: रेणू विरघळवायला, डीएनएला, जेलची वडी थापायला. पेटी भरायला मात्र खूप द्रावण लागे, आणि ते करायला नळाचं पाणी, हा सरांचा नियम होता. 'पेटीला नळाचं चालतं' हे वाक्य त्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ऐकलेलं असे. नियमात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. पेटीतल्या द्रावणाचं काम फक्त वीज वाहून नेणं, असं आम्ही समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाचा पंप चालवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "एक दिन नर्मदा, एक दिन बोरिंग, भिया. जैसे सबके यहाँ." दिवसही आमच्याच वस्तीचे निघाले. तरी नुसत्या डब्यावरून मी काही मानणार नव्हतो. दोन्ही पाण्यांच्या बाटल्या भरून मी माझ्या महाविद्यालयात नेल्या. पाण्याचा जडपणा मोजायचा प्रयोग मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतो. पाण्यात एक रंगद्रव्य टाकलं की ते वाइनसारखं लाल होतं. मग वरून थेंब थेंब ईडीटीए सोडायचं. ईडीटीए पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकेक करून पकडतं, आणि सगळं पकडून झालं की रंग निळा होतो. जेवढं ईडीटीए लागलं तेवढं पाणी जड. नर्मदेचं पाणी लवकर निळं झालं. बोरिंगला त्याच्या चौपट लागलं.

आमच्या पेटीतल्या द्रावणातही, म्हणजे बफरमध्येही, थोडं ईडीटीए असतंच. नर्मदेच्या पाण्याला ते बरंचसं पुरत होतं. बोरिंगच्या पाण्यात ते लगेच संपून जात होतं आणि उरलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं फिरत होतं. त्यांचा भार धन, आणि तोही दुहेरी. डीएनएच्या ज्या ऋण जागेला तिचा रेणू धरून बसायचा, तीच जागा त्यांनाही हवी होती. वीज सुरू झाली की ते वडीत शिरत आणि तिच्या रेणूला उठवून देत.

आम्ही दोघं सरांच्या खोलीत गेलो. मी आकडे मांडले. सरांनी पेन्सिल घेऊन माझा गुणाकार स्वतः पुन्हा केला.

"ईडीटीए आहे ना आपल्या बफरमध्ये?"

"पुरत नाही, सर."

"हं." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पेटीला नळाचं चालतं, हे मला माझ्या सरांनी सांगितलं होतं."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

"तीन पेट्या लावा," ते म्हणाले. "एकीत शुद्ध पाणी, एकीत नर्मदा, एकीत बोरिंग. नमुने मी भरणार."

सरांनी कित्येक वर्षांत पिपेट हातात घेतली नव्हती. तिसरी पेटी वनस्पतिशास्त्र विभागाकडून मागून आणली. ते खुर्ची ओढून बसले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि निळा रंग मिसळलेला डीएनएचा थेंब खाचेत सोडला. थेंब अलगद तळाशी बसला. "जमतं अजून," ते स्वतःशीच म्हणाले. पुढच्या खाचेत थोडं बाहेर सांडलं. ते तिथेच थांबले, ती खाच सोडून दिली आणि शेजारच्या खाचेत पुन्हा भरलं. वीज लागल्यावर वायरीपाशी बुडबुड्यांची बारीक रांग वर येऊ लागली. आम्ही तिघं स्टुलांवर बसून निळा रंग सरकताना पाहत होतो. सरांनी त्या दिवशी त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या गोष्टी सांगितल्या. जेल तेव्हा काचेच्या नळीत थापायचे, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ती मध्येच म्हणाली, "सर, तेव्हा तुम्ही डब्यात काय आणायचे?" आणि सर हसता हसता खोकले. वरणाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

अंधाऱ्या खोलीत तिन्ही जेल दिव्यावर ठेवली. शुद्ध पाण्यात तिची पट्टी ठळक मागे राहिली होती. नर्मदेत त्याहून थोडी कमी. बोरिंगमध्ये सगळ्या पट्ट्या एका ओळीत. कुणाला विचारायची गरज नव्हती.

"बसतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी असा आधी ऐकला नव्हता. "मॅडम, बसतो तुमचा रेणू. आता कसली चिंता? शुद्ध पाण्यातलं चित्र तीनदा काढा, प्रकरण लिहा, मे संपायच्या आत माझ्या टेबलावर आणा."

मला वाटलं, सुटलो. ती मात्र दिव्यासमोरून हलली नाही.

"सर, पेशीत शुद्ध पाणी नसतं."

"म्हणजे?"

"पेशीत मॅग्नेशियम असतं, बाकीचे क्षार असतात. बोरिंगच्या पाण्यात जो सुटतो, तो पेशीत कसा टिकेल? हा औषध होणार नाही, सर."

दिवा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सर म्हणाले, "शुद्ध पाण्यातलं चित्र खोटं आहे का?"

"नाही, सर. खरंच आहे."

"मग ते लिहा. पुढचं पुढचा माणूस पाहील."

"पुढचा माणूस यावर दोन-तीन वर्षं घालवेल, सर. आणि मग त्याला कळेल, जे मला आज माहीत आहे."

"आणि वेळ? क्षार वाढवत वाढवत जेल लावायची, प्रत्येक तीनदा, मग मोजायचं, मग अख्खं प्रकरण उलटं लिहायचं. जूनमध्ये नाही झालं तर मी सही करू शकणार नाही. हे कळतं ना तुम्हाला?"

"कळतं."

सर बाहेर निघून गेले. ती मला म्हणाली, "दादा, मी मूर्खपणा केला का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही. तिच्या जागी मी असतो तर चित्र घेऊन घरी गेलो असतो, असं मला तेव्हा वाटत होतं, आणि आजही त्याबद्दल मी छातीठोक काही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सर रोजच्यासारखे दारात उभे राहिले. टोमणा नाही, काही नाही. म्हणाले, "यंत्राचं शुद्ध पाणी एवढ्याला पुरणार नाही. मी बाजारातून कॅन मागवले आहेत. जिना चढवायला माणूस बोलवा, दोघं मिळून कंबर मोडून घेऊ नका."

मे महिना माझ्या सुट्टीचा. मी सकाळपासून प्रयोगशाळेत असायचो. पेटीत शुद्ध पाण्याचं द्रावण, त्यात मोजून घातलेलं मॅग्नेशियम, दर जेलला थोडं जास्त. पट्टी किती मागे राहिली ते मी मोजपट्टीने मोजायचो, ती संगणकावर मोजायची, आणि दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जायचं, हा माझा हट्ट. जुळले नाहीत की ती म्हणायची, "दादा, तुमचा डोळा चुकतो." मी म्हणायचो, "तुझा संगणक." बहुतेक वेळा दोघांचंही थोडं थोडं चुकलेलं असे. बाहेर लू चालायची. खिडकीला ओलं पोतं लावलेलं असायचं. आलेख मात्र सुंदर आला: मॅग्नेशियम वाढत जाईल तशी पट्टी पायरी पायरीने पुढे सरकत गेली, आणि पेशीत जेवढं असतं त्याच्या अलीकडेच ती नुसत्या डीएनएच्या बरोबरीला पोचली. स्वतःचा रेणू हरत जातानाचा इतका नितळ आलेख काढताना तिला काय वाटत असेल, हे मी विचारलं नाही. रंग कुठले द्यायचे यावर मात्र आमचं भांडण झालं.

वरच्या खोलीत ती प्रकरण लिहायची आणि आई खाली टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं पाहत बसायची. "वाचवणार ना गं तुझे सर?" असं आईने एकदा विचारलं. ती म्हणाली, "काकू, ते नाही, मीच मला बुडवतेय." आईने तिला आमरसाची वाटी दिली आणि म्हणाली, "बुडताना खाऊन तरी घे."

प्रबंध जूनच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाला. बांधणीवाल्याच्या दुकानात आम्ही दोघं शेवटचं पान येईपर्यंत उभे होतो, आणि सरांनी विद्यापीठाच्या कार्यालयाच्या पायरीवर, माझ्या पाठीवर ठेवून सह्या केल्या. आतलं टेबल मोकळं नव्हतं आणि खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

मौखिक परीक्षा थंडीत झाली. सर निवृत्त झाले होते, पण मार्गदर्शक म्हणून येऊन बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध नीट वाचला होता, ते त्यांच्या प्रश्नांवरून दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे एवढ्या वर्षांचं काम करून तुम्ही सांगता आहात की तुमचा रेणू कामाचा नाही?"

"औषध म्हणून नाही, सर," ती म्हणाली. "पण तो कुठे सुटतो आणि किती क्षाराला सुटतो, ते मी सांगू शकते. आणि पुढचा रेणू बनवताना कुठे घट्ट करायचा, तेही."

परीक्षकांनी आलेखाच्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे पान मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवणार आहे." पदवी मिळाली, हे आम्हाला त्या वाक्यातच कळलं. तिने बाहेर येऊन वडिलांना फोन लावला आणि पलीकडून काही विचारायच्या आत रडायला लागली. ते बिचारे घाबरले. शेवटी तिने फोन माझ्याकडे दिला आणि मी म्हटलं, "अभिनंदन, तुमची मुलगी डॉक्टर झाली." ते म्हणाले, "मग रडते कशाला?"

जेवण आमच्या घरी ठेवलं होतं. परीक्षक रेल्वेच्या घाईने लवकर गेले. सर थांबले. हात धुऊन ओसरीवर खुर्चीत बसले आणि बराच वेळ बडीशेप हातावर चोळत राहिले.

"एक सांगतो तुम्हा दोघांना," ते म्हणाले. "त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही. माझे इतके रेणू मी त्याच पेटीत तपासले. पट्टी मागे राहिली नाही की बाटलीवर काट मारायची आणि टाकून द्यायचं. आता वाटतं, त्यांतले किती बोरिंगच्या दिवशी तपासले असतील? एखादा बसतही असेल. मी त्याला पाण्यासाठी टाकून दिला."

हा हिशेब मीही कधीतरी मनात केला होता आणि अर्धवट सोडून दिला होता.

ती त्यांच्या समोर पायरीवर बसली होती. थोडा विचार करून म्हणाली, "सर, जो बोरिंगच्या पाण्यात सुटला, तो पेशीत पण सुटलाच असता. तुम्ही कामाचा एकही टाकला नाही."

सरांनी मान वर केली. ते मनातल्या मनात तपासून पाहत होते, हे मला दिसत होतं. सवयीने, पायरी पायरीने, गुणाकार पुन्हा केल्यासारखं.

"म्हणजे पेटीला नळाचं चालतं, हे बरोबरच होतं म्हणायचं?"

"बरोबर होतं, सर," ती म्हणाली. "पण चुकून."

सर इतक्या मोठ्याने हसले की आई आतून हात पुसत बाहेर आली आणि विचारू लागली, काय झालं, काय झालं. त्यांना सांगता येईना. डोळे पुसत ते नुसतं तिच्याकडे बोट दाखवत राहिले आणि म्हणाले, "ही, ही मला परीक्षेत पास करून गेली हो."